लेकराचा बड्डे आणि घरचा हिशेब

मराठवाड्यातल्या आजी-आजोबांची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली, तर त्यातल्या कितीतरी कार्डांवर एकच जन्मतारीख दिसते : १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराचं बोट धरून गुरुजींसमोर उभा राहायचा. गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे, पहिलीत बसेल एवढं वय मागे मोजायचे आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. खरा जन्म आईच्या आठवणीत असायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा, मोठा पूर आला त्या साली, अशा खुणा सांगितल्या जायच्या.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं हट्टा हे अशाच मुलखातलं गाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कागद फसली सनावर चालत, घरातली कार्यं तिथीवर. इंग्रजी तारखेला लेकराचा वाढदिवस करायचा, हा विचारच तेव्हा शेतकऱ्याच्या घरात नव्हता. जन्माचे सोहळे वेगळे होते. पाचवी, बारसं, जावळ, पहिल्या संक्रांतीनंतरचं बोरन्हाण. वाढदिवस आईच्या लक्षात असलाच तर त्या दिवशी पाट मांडून औक्षण व्हायचं आणि घरात काहीतरी गोड शिजायचं. काही घरांत तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायला देत आणि चिरंजीवांचं स्मरण करत.

आज चित्र बदललं आहे. बाळंतपण दवाखान्यात होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा ठरला. तारीख पक्की झाली. मोबाईल दरवर्षी तिची आठवण करून देऊ लागला आणि ती साजरी करायची रीत शहरातून तालुक्याला, तालुक्यातून गावात आली. आता गावातही केक मिळतो, फुग्यांची कमान लागते, फ्लेक्सवर लेकराचा गॉगल घातलेला फोटो झळकतो. ‘बड्डे’ हा शब्द आजीच्या तोंडीही बसला आहे.

हा आनंद खोटा नाही. ज्या बापाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्याच्या नातवंडाच्या तारखेला घर सजतं, यामागे फार मोठी माया आहे. म्हणूनच या दिवसाचा खर्च हा थट्टेचा विषय नाही आणि नुसता ‘उधळपट्टी’ म्हणून झटकण्याचाही नाही. या एका दिवसात दोन वेगवेगळे कार्यक्रम मिसळलेले असतात. एक लेकराचा, दुसरा गावाचा. पहिला थोड्या पैशात होतो. दुसऱ्याला कितीही पैसे कमी पडतात. दोघांचा हिशेब वेगळा मांडला, तर मजुरी करणाऱ्या घरालाही वाढदिवस झेपतो.

आधी पैसा कुठल्या मापानं मोजायचा, ते पाहू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. पाच हजारांचा वाढदिवस म्हणजे एका माणसाची सोळा दिवसांची मजुरी. शेतकऱ्याचं माप वेगळं असतं. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि मोंढ्यात त्याहून कमी भावानं सोयाबीन घालावं लागतं, हे या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे पाच हजारांचा कार्यक्रम हा एक पोतं भरून सोयाबीनचा कार्यक्रम. पंधरा हजारांचा असेल, तर तीन क्विंटल. रुपयांत मोठा न वाटणारा आकडा पोत्यांत मोजला की नीट दिसतो.

दुसरी गोष्ट हंगामाची. वसमतचा भाग हळदीचा. इथल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण हळद हे सबुरीचं पीक. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, जानेवारीनंतर काढायचं, शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं आणि मग उन्हाळ्यात पैसा हातात. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास येतो. लेकरू मात्र पिकाचा हंगाम बघून जन्माला येत नाही. जून-जुलैतला वाढदिवस बी-बियाणं आणि खताच्या खरेदीवर येऊन आदळतो. याच दिवसांत शाळेची वह्या-पुस्तकंही घ्यायची असतात. मेमधला वाढदिवस लग्नसराईत सापडतो, घरात आधीच तीन ठिकाणचे आहेर झालेले असतात. म्हणून ‘दरवर्षी इतका खर्च’ असा एकच आकडा शेतकरी घराला चालत नाही. तारीख कुठल्या महिन्यात पडते, यावरच अर्धा हिशेब ठरतो.

मग पैसा कुठून आणायचा? उसनवारी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग रस्ता. गावात शेकडा तीननं पाच हजार घेतले, तर महिन्याला दीडशे रुपये नुसतं व्याज. वर्षभर मुद्दल फिटलं नाही, तर अठराशे. पुढचा वाढदिवस येतो तेव्हा मागच्या वर्षीचा केक अजून फिटायचा असतो. बचत गटातलं अंतर्गत कर्ज यापेक्षा स्वस्त पडतं, पण तेही कर्जच. गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला राखलेलं बरं.

त्यापेक्षा भिशीची जुनी रीत इथे चपखल बसते. गल्लीतल्या बारा आयांनी महिन्याला चारशे रुपये घातले, तर दर महिन्याला एकीच्या हातात ४,८०० रुपये येतात. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी निघते. इथे चिठ्ठीची गरज नाही, ज्या महिन्यात जिच्या लेकराचा वाढदिवस त्या महिन्यात तिचा नंबर. एकाच महिन्यात दोन वाढदिवस आले, तर एकीला आधीच्या महिन्यात घेता येतं. व्याज नाही, हात पसरणं नाही. आणखी एक फायदा असा की, बाराही घरांत खर्चाची मर्यादा आपोआप सारखी होते. शेजारणीनं पंधरा हजारांचा केला म्हणून आपणही करायचा, हा ताण उरत नाही. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार ज्या बायांच्या खात्यात आले, त्यांना नवऱ्याला न विचारता अशा भिशीचा हप्ता भरता येऊ लागला, हेही इथे मोजायला हवं.

आता कागद-पेन घेऊन एक वाढदिवस मांडून पाहू. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. इथले आकडे मांडणीपुरते धरलेले आहेत, ज्यानं त्यानं आपले भाव घालून बघावेत. रक्कम आधी ठरवलेली : पाच हजार. वीस लेकरं आणि घरची-शेजारची वीस मोठी माणसं, अशी चाळीस पानं. पुरी-भाजी, मसालेभात आणि शिरा घरीच केला आणि पानाला ४५ रुपये धरले, तर १,८००. पत्रावळी, पाणी आणि गॅस ४००. एक किलोचा केक ५००. लेकराचे कपडे ८००. सजावट ३००. खेळ आणि लेकरांना द्यायच्या वस्तू, वीस रुपयांप्रमाणे ४००. ही बेरीज ४,२०० होते. पाचशे रुपये हाताशी ठेवायचे, कारण आयत्या वेळी काहीतरी राहतंच. उरले तीनशे. त्यांचं काय करायचं, ते पुढे.

या यादीत खर्चाचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. जेवण, पत्रावळी, केक हा खर्च माणशी वाढतो. कपडे आणि सजावट एकरकमी. मोठी माणसं वाढून पाहुणे चाळीसचे ऐंशी झाले, तर जेवणाचे १,८००, पत्रावळीचे ४०० आणि केकचे ५०० असे २,७०० रुपये जास्तीचे लागतात. म्हणजे वाढलेल्या प्रत्येक माणसामागे साधारण ६८ रुपये. म्हणून बजेट कोलमडतं ते बहुतेक वेळा पाहुण्यांच्या यादीवर, फुग्यांवर नाही. ‘भावकीतल्या एकाला सांगितलं, दुसऱ्याला कसं नाही सांगायचं?’ हा प्रश्न हट्ट्यातल्या माणसाला जितका खरा आहे, तितका पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नाही. त्यावर एक उपाय चालतो. आमंत्रण लेकरांना द्यायचं, घरांना नाही. ‘संध्याकाळी पाच वाजता बंडूला पाठवा’ असा निरोप गेला, तर चुलत्याला राग येत नाही, कारण बोलावणं त्याच्या वयाचं नसतंच. मोठ्यांना सकाळी औक्षणाला चहा-पोह्यावर बोलावता येतं.

एकरकमी खर्चातही एक खाचखळगा आहे, फ्लेक्सचा. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. चार बाय सहाचा फ्लेक्स म्हणजे २४ चौरस फूट. ‘जरा मोठा करा, डबल करा’ म्हणून आठ बाय बाराचा केला, की ९६ चौरस फूट झाले. लांबी-रुंदी दुप्पट, पैसे चौपट. शिवाय तो चौकात लावायचा तर परवानगी लागते. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये कडक आदेश दिले आहेत. दोन वर्षांच्या लेकराला फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो पाच मिनिटं पुरतो. चौकातला फ्लेक्स गावाच्या कार्यक्रमातला आहे, लेकराच्या नाही, हे त्यावर खाली छापलेल्या ‘शुभेच्छुक’ नावांवरून कळतं.

साऊंड सिस्टीमचंही तसंच. लाऊडस्पीकर लावायला लेखी परवानगी घ्यावी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो. निवासी भागातली आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे. हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि हट्ट्याला पोलीस ठाणं गावातच आहे. लहान लेकरू आठ-साडेआठला झोपतं. मोठ्या आवाजाला घाबरून उत्सवमूर्तीच रडत असल्याचं दृश्य अनेक घरांनी पाहिलेलं असतं. घरातल्या एका छोट्या स्पीकरवर वीस लेकरं मनसोक्त नाचतात.

केकमध्ये बचत करायची जागा दुकानात नाही, सुरीत आहे. गोल केकचे त्रिकोणी तुकडे पाडले, की एका किलोत दहा-बारा जण होतात आणि अर्धा केक लेकरांच्या गालाला लागतो. आठ इंच बाय आठ इंचाचा चौकोनी केक घेतला आणि सुरी गरम पाण्यात बुडवून एक बाय दोन इंचाचे तुकडे केले, तर ३२ तुकडे निघतात. लेकराच्या मुठीत मावेल एवढा तुकडा, तो संपतोही. केकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मोठ्या बेकरीचं पक्कं बिल घेताना तो तपासून घ्यावा. घरात माळकरी असेल तर केक बिनअंड्याचा सांगावा. संत नामदेवांचं नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ही अडचण घरोघरी येते. त्याच वेळी कॅलेंडरही बघावं. वाढदिवस एकादशीला आला, तर मोठ्यांसाठी भगर-आमटीचा वेगळा स्वयंपाक होतो आणि ठरवलेला हिशेब वाढतो.

पहिल्या वाढदिवसाला तर केकचा मोठा वाटा पाहुण्यांसाठीच असतो. दोन वर्षांखालच्या मुलांना गोड पेयं आणि साखर घातलेले पदार्थ देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२३ चं मार्गदर्शन सांगतं. त्या वयाच्या लेकरासाठी मऊ भात-वरण, तूप आणि कुस्करलेलं केळ एवढंच पान पुरे. अख्खे शेंगदाणे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, त्यामुळे फुगा फुटला की रबर लगेच उचलायचं. स्प्रेचा फेस पेटत्या मेणबत्तीजवळ उडवायचा नाही. डब्यातला वायू पेट घेतो. स्प्रेचा डबा यादीतून काढला, तर पैसेही वाचतात आणि धोकाही टळतो.

सजावटीतही कायदा मदतीला येतो. थर्माकोलची सजावट, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. राज्यात तर २०१८ पासूनच बंदी सुरू झाली होती. म्हणजे दुकानदार जे खपवू पाहतो, त्यातलं बरंच घ्यायचंच नाही. पळसाची पत्रावळ आणि स्टीलचे पेले गावात असतात. झेंडूच्या हंगामात झेंडू, इतर वेळी आंब्याची पानं आणि आजीच्या दोन जुन्या जरीच्या साड्या भिंतीला लावल्या, की फोटोला मागची बाजू तयार होते.

सगळ्यांत कमी खर्चाचा आणि लेकराला सगळ्यांत जवळून दिसणारा भाग म्हणजे औक्षणाचं ताट. पितळी ताटात कुंकू, अक्षता, निरांजन, सुपारी आणि आजीच्या बोटातली अंगठी. लेकरू पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसतं. आई, आजी, आत्या, काकू एकेक करून कपाळाला कुंकू लावतात, सुपारी आणि अंगठी ओवाळतात, मग निरांजन. दर वेळी लेकराचे डोळे ज्योतीबरोबर फिरतात. एवढा वेळ सगळं घर फक्त त्याच्याकडे बघत असतं. विकतच्या कुठल्याही वस्तूपेक्षा हे जास्त आहे आणि त्याचा खर्च तेल-वातीचा.

आहेराचा हिशेब मात्र सावधपणे करावा लागतो. मामा कपडे आणतो, जमलं तर चांदीचे वाळे. पाहुणे शंभर-दोनशेचं पाकीट देतात. वीस घरांनी शंभर-शंभर दिले, की दोन हजार जमले असं वाटतं आणि काही घरं तेवढा खर्च वाढवून टाकतात. पण आहेराची वही असते. आलेलं प्रत्येक पाकीट तिच्यात लिहिलं जातं आणि त्या घरच्या कार्यात परत करावं लागतं. ती मिळकत नव्हे, बिनव्याजी देणं आहे. त्यात घरच्यांनी पाहुण्यांना टॉवेल-टोपी आणि साडी-खण करायचं ठरवलं, तर बड्डेचं लग्न होतं. निमंत्रणातच ‘आहेर आणू नये, करणारही नाही’ असं सांगणारी घरं दोन्हीकडचा भार उतरवतात.

एका देशानं हे सगळं कायद्यानं आवरायचा प्रयत्न केला. ताजिकिस्ताननं २००७ मध्ये परंपरा आणि समारंभांचं नियमन करणारा कायदा केला. लग्नातल्या पाहुण्यांची संख्या ठरवली आणि वाढदिवस घरातच, कुटुंबापुरता साजरा करायचा असं बंधन घातलं. २०११ मध्ये एका तरुणाला मित्रांसोबत घराबाहेर वाढदिवस केला म्हणून दंडही झाला. गरिबांनी कर्ज काढू नये, हा हेतू योग्य होता. पण लेकराच्या केकवर सरकारी पहारा बसवणं कुणालाही आवडणार नाही. हे काम घरानं आणि गावानं मिळून करायचं आहे आणि त्यासाठी गावात एक जागा तयार आहे, शाळा.

शाळेतला पोषण आहार आणि घरचा वाढदिवस यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले, की माणूस विचारात पडतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेचा नियम आहे. तांदूळ सरकार वेगळा देतं. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन यासाठी १ मे २०२५ पासून एका मुलामागे दिवसाला मिळू लागले ६ रुपये ७८ पैसे. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवण्यात आला आणि ते लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं गेलं.

हा लोकसहभाग वाढदिवसातून येऊ शकतो. केंद्राच्या योजनेतच ‘तिथी भोजन’ नावाची तरतूद आहे. सण, वाढदिवस, लग्न अशा निमित्तानं गावातल्या कुणीही शाळेतल्या मुलांना जादा पदार्थ किंवा पूर्ण जेवण द्यावं, अशी ती कल्पना. मूळ गुजरातची, पण २०२१ नंतर देशभर तिचा आग्रह धरला जातो. तीस मुलांचा वर्ग आणि अंडं सात रुपयांना धरलं, तर २१० रुपये होतात. तेवढ्यात लेकराच्या हातून त्याच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या ताटात एक उकडलेलं अंडं किंवा केळं पडतं. ज्या मित्राच्या घरी वाढदिवस कधीच होत नाही, त्याच्याही. बाप ऊसतोडीला गेलेला आहे, आई रानात आहे, अशी लेकरं संध्याकाळच्या कार्यक्रमाला चांगले कपडे नाहीत म्हणून येत नाहीत. शाळेत ती हजरच असतात.

वर मांडलेल्या हिशेबातली आयत्या वेळची पाचशेची शिल्लक खर्च झाली नाही, तर ती इथे वापरता येते. उरलेले तीनशे पोस्टात जावेत. मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खात्यात वर्षाला किमान २५० रुपये भरले की खातं चालू राहतं. पुढे पन्नासच्या पटीत कितीही, वर्षाला दीड लाखापर्यंत. जानेवारी २०२४ पासून या खात्याचा व्याजदर ८.२ टक्के होता. मुलगा असेल तर पोस्टातलं आवर्ती ठेव खातं महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होतं, म्हणजे हे तीनशे त्याचे तीन हप्ते. लेकराला हे आज कळणार नाही. पण दरवर्षी त्याच तारखेला, नवे कपडे घालून, आईबरोबर पोस्टात जाऊन पासबुकावर नोंद करून आणायची सवय लावली, तर चौथ्या-पाचव्या वर्षी ते स्वतःच पासबुक मागतं.

शाळेत जेवण द्यायचं ठरलं, तर तयारी आठवडाभर आधी करावी. मुख्याध्यापकांना तारीख सांगावी आणि त्या दिवशीचा पट विचारून घ्यावा. पाककृतींच्या वेळापत्रकात त्या दिवशी काय आहे ते बघून त्याला जोड देणारा पदार्थ ठरवावा. खिचडीच्या दिवशी अंडं किंवा केळं आणि वरण-भाताच्या दिवशी शिरा, असं. अंडी आदल्या दिवशी आणावीत आणि सकाळी शाळेतच उकडावीत. फुटकी निघतील म्हणून तीसला बत्तीस घ्यावीत. स्वयंपाकी ताईंना आधी कल्पना द्यावी, कारण त्या दिवशी काम त्यांचं वाढतं. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घ्यायची, हा शाळेचा रोजचाच नियम आहे. पटावर तीस मुलं आणि स्वयंपाकी ताई दोन असल्या, तर अंडी चौतीस आणावीत आणि त्यातली दोन त्यांच्या ताटात वाढावीत.